सूनियनचं पोसायडनचं देऊळ: सूर्यास्ताच्या आधी दोन तास

विचारलंय ते थोडक्यात असं: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ग्रीसला चाललोय, अथेन्समध्ये तीन रात्री मुक्काम आहे, त्यातली एक संध्याकाळ केप सूनियनला, म्हणजे समुद्रकड्यावरच्या पोसायडन या समुद्रदेवाच्या पडक्या देवळाला, द्यावी का? बाबा म्हणतात, सोळा खांब बघायला चार तास प्रवास कोण करणार? आणि नेटवर जिथे बघावं तिथे फक्त सूर्यास्ताचे फोटो.

जा. पण सूर्यास्त गाठायचा म्हणून जाऊ नका. त्याच्या निदान दोन तास आधी पोचा. बरीच वर्षं मी आपल्याकडची मंडळी ग्रीसला घेऊन जातोय, आणि सूनियनहून हिरमुसून परतणारे लोक बहुतेक एकाच जातकुळीचे असतात. शेवटच्या अर्ध्या तासात धापा टाकत वर येतात, गर्दीच्या मागे उभं राहून मोबाइल उंच धरतात, सूर्य जातो, रखवालदार शिट्ट्या मारायला लागतात आणि सगळे खाली. देऊळ बघितलंच नाही. मग ‘काही खास नव्हतं’ म्हणायचं. तुमच्या बाबांचा आक्षेप अशा भेटीबद्दल असेल तर अगदी रास्त आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे सूर्यास्त संध्याकाळी सातच्या आसपास असतो, म्हणजे पाचला तुम्ही तिकीट खिडकीशी असायला हवं. (महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा सूर्यास्त एकदम साडेपाचवर येतो. नंतर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. जूनमध्ये हाच सूर्यास्त पावणेनऊच्या पुढे असतो.) देऊळ सूर्यास्तापर्यंतच उघडं असतं आणि प्रवेश त्याच्या थोडा आधी बंद होतो. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीसमधल्या बऱ्याच पुरातन स्थळांचे तिकीटदर वाढले, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे धरून हिशेब करू नका. सरकारी संकेतस्थळावर बघा आणि तिथूनच तिकीट काढा. नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण ते तुमच्या तारखांत बसत नाही.

आता पाच वाजता तिथे काय बघायचं? सगळ्यात आधी दगड.

अथेन्सचं प्रसिद्ध पार्थेनॉन देऊळ ज्या पेंटेलिक संगमरवराचं आहे त्यात थोडं लोह असतं, म्हणून शतकं उलटली तशी त्यावर मधासारखी झाक चढली. सूनियनचा संगमरवर काही किलोमीटरवरच्या आग्रिलेझाच्या खोऱ्यातला. त्यात लोह जवळपास नाही. त्यामुळे तो आजही पांढराफटक आहे, जवळून राखाडी शिरा दिसतात. दुपारच्या उन्हात डोळे दिपतात. हा पांढरा दगडच संध्याकाळचा खरा खेळ करतो: स्वतःचा रंग नसल्यामुळे आकाशाचा जो असेल तो घेतो. सहाच्या सुमारास पिवळसर, मग नारिंगी, आणि सूर्य गेल्यावर काही मिनिटं फिकट जांभळा. सगळ्यांची तोंडं सूर्याकडे असतात तेव्हा तुम्ही पाठ फिरवून खांबांकडे बघा. मी ग्रुपला हे दर वेळी सांगतो, ऐकणारे निम्मेच निघतात.

दुसरी गोष्ट, खांबांवरच्या उभ्या खाचा. डोरिक शैलीच्या खांबाला सहसा वीस खाचा असतात. इथे सोळा आहेत. तुम्हाला दोरीबाहेरून निम्म्याच दिसतील, पण त्या मोजल्या तरी फरक कळतो: खाचा रुंद आहेत, मधल्या धारा कमी. हा दगड मऊ आणि जागा खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, जितक्या धारा कमी तितकी झीज कमी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. खांब ६.१० मीटर उंच, बुडाशी साधारण १ मीटर जाड आणि वर निमुळते होत ७९ सेंटिमीटर. पार्थेनॉनच्या खांबांना मध्यावर जो हलका फुगवटा दिलाय तो इथे नाही, सरळ रेषेत वर जातात. म्हणून प्रत्यक्षात बेताच्या आकाराचं हे देऊळ खालून, विशेषतः पाण्यावरून, आहे त्याहून उंच आणि सडपातळ वाटतं. समोर सहा आणि बाजूला तेरा असे मूळचे चौतीस खांब भोवती होते. आज उभे आहेत त्यांतले काही विसाव्या शतकात पुन्हा उभारलेले आहेत. दक्षिणेची, समुद्राच्या बाजूची रांग सगळ्यात सलग आहे.

एक काम मात्र अथेन्समध्येच करून निघा. त्याच दिवशी सकाळी प्राचीन अगोरातलं, म्हणजे जुन्या बाजारचौकातलं, हेफायस्टस देवाचं देऊळ बघा. ते जवळपास पूर्ण उभं आहे, छपरासकट. दोन्ही देवळांचा वास्तुकार एकच असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण मापांची सवय जुळते. सकाळी पूर्ण देऊळ डोक्यात भरलं की संध्याकाळी सूनियनला उरलेल्या खांबांवर छप्पर, गाभारा, आत उभी मूर्ती हे सगळं मनात चढवता येतं. ‘नुसते खांब’ ही बाबांची तक्रार यावरच सुटेल असा माझा अनुभव आहे.

आणि आता बाबांच्या खऱ्या प्रश्नाकडे. मुख्य देवस्थानं अथेन्सच्या टेकडीवर असताना एवढ्या लांब, सत्तर किलोमीटरवर, टोकाला जाऊन देऊळ का बांधलं?

कारण ते जहाजांसाठी होतं. नकाशा उघडा. अॅटिका हा प्रदेश आग्नेयेला निमुळता होत जातो आणि त्याचं अगदी शेवटचं टोक म्हणजे सूनियन, समुद्रापासून साधारण साठ मीटर उंच कडा. पूर्वेच्या एजियन समुद्रातून अथेन्सच्या पिरेअस बंदराकडे जाणारं गलबत या टोकाला वळसा घातल्याशिवाय जाऊच शकत नाही. बाहेर पडणाऱ्याला अॅटिकाचं शेवटचं दर्शन इथे, परतणाऱ्याला पहिलं इथे. होमरच्या ओडिसी या महाकाव्यातही सूनियनला ‘पवित्र’ म्हटलंय. ट्रॉयच्या युद्धाहून परतताना मेनेलाऑस राजाचा सुकाणूधारी फ्रोंटिस इथेच मरतो, आणि त्याच्या अंत्यविधीसाठी मेनेलाऑसला थांबावं लागतं. म्हणजे आजच्या देवळाच्या कितीतरी आधीपासून खलाशांच्या डोक्यात ही जागा होती.

कड्यावर उभं राहून खाली बघताना प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेल्या दोन गोष्टी मी ग्रुपला सांगतो. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला हरल्यावर पर्शियन आरमार याच टोकाला वळसा घालून अथेन्सवर चालून निघालं. सैन्य मॅरेथॉनला आहे तोवर रिकामं शहर गाठायचं, असा बेत. अथेन्सचे सैनिक लढाईनंतर तसेच परत धावले आणि आरमाराच्या आधी पोचले. दहा वर्षांनी, ४८० मध्ये, पर्शियन पुन्हा आले तेव्हा त्यांनी इथलं अर्धवट बांधून झालेलं चुनखडीचं जुनं देऊळ पाडलं. पण त्याच वर्षी सॅलॅमिस बेटाजवळच्या लढाईत अथेन्स आणि मित्रांनी त्यांचं आरमार मोडलं, आणि पर्शियनांच्या बाजूने लढणाऱ्या, पकडलेल्या फिनिशियन युद्धनौकांपैकी एक अथेन्सवाल्यांनी सूनियनला देवाला वाहिली. अख्खी नौका. आजचं संगमरवरी देऊळ त्यानंतरचं, अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याच्या काळातलं, साधारण इ.स.पू. ४४४ ते ४४० चं, त्याच पाडलेल्या देवळाच्या जागेवर.

सॅलॅमिसला लढलेल्या नौकांचा पैसा आला कुठून, याचंही उत्तर तुमच्या पाठीमागच्या डोंगरांत आहे. सूनियनच्या उत्तरेला लाव्रिओ. तिथल्या चांदीच्या खाणीत इ.स.पू. ४८३ च्या सुमारास मोठी शीर लागली. ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असं चाललं होतं, अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याने ती जहाजबांधणीकडे वळवली. खाणीत काम करणारे होते गुलाम, अरुंद बोगद्यांत, दिव्याच्या उजेडात. पुढे, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, याच गुलामांनी बंड करून सूनियनचा किल्ला ताब्यात घेतला होता. हा भाग गाइड लोक सहसा गाळतात, सूर्यास्ताच्या मूडमध्ये बसत नाही म्हणून. मी गाळत नाही. त्या पांढऱ्या खांबांच्या काळातल्या अथेन्सच्या वैभवाची किंमत कुणी मोजली ते तिथेच सांगायला हवं.

हो, किल्ला. चढताना बरेच जण देवळावर नजर ठेवून झपझप जातात आणि तटाचे दगड तुडवत आहोत हे कळतही नाही. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सशी युद्धात असलेल्या स्पार्टाने अथेन्सच्या उत्तरेला डेकेलियाला कायमचा तळ ठोकला, आणि युबिया बेटावरून जमिनीने येणारी रसद तुटली. धान्य समुद्रमार्गे, सूनियनला वळसा घालून आणणं भाग पडलं. मग त्या हिवाळ्यात अथेन्सवाल्यांनी हे टोक तटबंद केलं, धान्याच्या गलबतांना संरक्षण म्हणून. त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस याने ते नोंदवून ठेवलंय. तटाचे आणि बुरुजांचे अवशेष अजून दिसतात, आणि खालच्या खाडीशी नौका ओढून ठेवायच्या कातळात खोदलेल्या जागाही आहेत. आई-बाबा वर बसले असतील तेव्हा तुम्ही तटाच्या कडेने एक चक्कर मारा.

अथेन्सचा राजा एजिअस याची कथा तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच: मुलगा थिसिअस क्रीटहून राक्षस मारून परत येताना काळं शीड उतरवून पांढरं लावायला विसरला, बापाने लांबून काळं शीड पाहिलं, मुलगा मेला असं समजून कड्यावरून उडी घेतली, म्हणून हा एजियन समुद्र. छान आहे. फक्त पॉसेनियसने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या प्रवासी लेखकाने, ही उडी अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीवरून सांगितली आहे. गंमत म्हणजे त्याच्या ग्रीसवर्णनाची सुरुवातच सूनियनच्या टोकापासून होते आणि पहिल्याच वाक्यांत तो माथ्यावरचं देऊळ अथीना देवीचं आहे असं लिहून जातो. अथीनाचं देऊळ जवळच्या खालच्या टेकडीवर होतं, त्याचा आता पायाच उरलाय. माथ्यावरचं पोसायडनचं, हे उत्खननात सापडलेल्या शिलालेखाने पक्कं झालं. तेव्हा गाइडबुकात चूक दिसली तर फार मनावर घेऊ नका, परंपरा जुनी आहे.

सूर्य नेमका कुठे मावळतो याबद्दल आपल्या लोकांची एक समजूत आधीच दूर केलेली बरी. कोकणात पश्चिमेला सगळं पाणीच पाणी, गणपतीपुळ्याला सूर्य सरळ समुद्रात बुडतो. इथे पश्चिमेला सॅरोनिक आखात आहे आणि पलीकडे पेलोपोनीजचे, म्हणजे दक्षिण ग्रीसच्या मोठ्या द्वीपकल्पाचे, डोंगर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य मेथाना द्वीपकल्पाच्या बाजूला उतरतो. हवा स्वच्छ असली की पाण्याला टेकायच्या आधीच तो डोंगरामागे जातो, म्हणजे छापील वेळेच्या दोन-तीन मिनिटं अगोदरच तुमचा सूर्यास्त झालेला असतो. जूनमध्ये तो बराच उत्तरेला, साधारण सॅलॅमिसच्या दिशेला सरकतो, डिसेंबरमध्ये नैर्ऋत्येला हायड्रा बेटाकडे. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच, की डोंगरांच्या एकामागे एक निळसर रांगा दिसतात आणि त्यांच्यावर लाल गोळा. मला तरी हे मोकळ्या क्षितिजापेक्षा आवडतं.

फोटोसाठी दोन जागा. खांब काळे आणि मागे पेटलेलं आकाश हवं असेल तर देवळाच्या पूर्वेकडे, प्रवेशाच्या चौथऱ्याच्या बाजूला उभे राहा. तिथे गर्दी कमी असते, कारण सगळे पश्चिमेच्या कठड्याला चिकटलेले. खांबांवर पडलेलं सोनेरी ऊन हवं असेल तर उलट, पश्चिमेला उतारावर थोडं खाली जाऊन मागे वळून बघा. हे सूर्यास्ताच्या तीस-चाळीस मिनिटं आधी, शेवटी नाही. देवळाच्या आत जाता येत नाही, भोवती दोरी आहे. ट्रायपॉडला परवानगी लागते, ड्रोनचा विचारही नको. कुणाला आत तिकीट काढून यायचंच नसेल तर वायव्येच्या खाडीतल्या किनाऱ्यावरून वरचं देऊळ छान दिसतं. सूर्य गेल्यावर खांबांवर दिवे लागतात, ते बघायला तीच जागा बरी, कारण वर थांबू देत नाहीत.

इंग्रज कवी बायरनने कोरलं म्हणतात ते त्याचं नाव शोधायचं असेल तर ते प्रवेशाकडच्या चौकोनी खांबावर, दोरीच्या आत आहे. कवी १८१०-११ मध्ये ग्रीसला होता आणि इथे आला होता, एवढं नक्की. अक्षरं त्याच्याच हातची आहेत याला कागदोपत्री पुरावा नाही. आजूबाजूला आणखी शेकडो नावं कोरलेली आहेत, पण विचारतात सगळे एकाच नावाबद्दल. रायगडावर कुणी बदामात नाव कोरलेलं दिसलं की संतापणारी माणसंही इथे कॅमेरा झूम करून बायरन शोधतात, मला मौज वाटते.

पूर्वेला फिरलात तर समोर लांबट, उजाड बेट दिसेल. ते माक्रोनिसोस. १९४७ पासून तिथे राजकीय कैद्यांच्या छावण्या होत्या, संगीतकार मिकिस थेओदोराकिस तिथेच डांबला गेला होता. त्यामागे केआ. हवा साफ असेल तर किथनोस वगैरे पुढची बेटंही. आणि झुडपांतून राखाडी अंगाचे, लाल चोचीचे गुबगुबीत पक्षी निर्धास्त फिरताना दिसतील, ते चकोर. चांदण्याची वाट बघताना मात्र कधी दिसले नाहीत, लोकांच्या पायांत घोटाळतात.

आई-बाबांच्या दृष्टीने बोलायचं तर तिकीट खिडकीपासून देवळापर्यंत पाच-दहा मिनिटांचा चढ आहे. अवघड नाही, पण खडी आणि ओबडधोबड दगड आहेत, आणि तुळतुळीत झालेल्या संगमरवरावर चामडी तळव्याचे बूट घसरतात. स्पोर्ट्स शूज. साडी किंवा ओढणी असेल तर पिना लावा, वारा चेष्टा करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की उभं राहणंही जड जातं. ऑक्टोबरमध्ये तो जोर नसतो, पण ऊन गेलं की गार वाटतं, एक जाकीट हातात असू द्या. वर सावली जवळपास नाही. प्रवेशाशीच उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे, चढायच्या आधी तिथे जाऊन घ्या, वर काही नाही.

जायचं कसं? स्वस्त उपाय म्हणजे पेडिओन तू आरेओस बागेच्या कडेहून सुटणारी ‘केटेल’ची बस. तिकीट गाडीतच मिळतं, किनाऱ्याच्या रस्त्याने जवळपास दोन तास लागतात. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते उतरतानाच विचारून घ्या, ऋतूप्रमाणे बदलते. तुम्ही एकटे असता तर मी बसच सांगितली असती. आई-बाबा आहेत, तर गाडी-ड्रायव्हर ठरवा आणि त्याला दुपारी तीनला हॉटेलवर बोलवा. जाताना किनाऱ्याने, ग्लिफादा-वुलियाग्मेनीवरून. येताना काळोखात किनाऱ्याचा उपयोग नाही, लाव्रिओवरून आतल्या रस्त्याने या, लवकर पोचाल. अर्ध्या दिवसाची ‘सनसेट टूर’ घेणार असाल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: देवळाशी प्रत्यक्ष किती वेळ? तासाभराचं उत्तर आलं तर सोडून द्या. शनिवार-रविवारी किनाऱ्याच्या रस्त्यावर अथेन्सकरांचीच गर्दी असते, तेव्हा मधला वार निवडा. आणि विमानातून उतरलात त्याच दिवशी हे ठेवू नका, बाबा गाडीत झोपतील आणि वर चिडचिड करतील.

जेवण तिकडेच करायचं तर आसपासच्या गावांत मासळीच्या खाणावळी भरपूर. शाकाहारी असाल तर ‘गिगांतेस’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, ‘फावा’ म्हणजे घोटलेली पिवळी डाळ, आणि पालकाची ‘स्पानाकोपिता’ मागा. फावावर कच्चा कांदा आणि लिंबू येतं, आईंना घरचं वाटेल. भारतीय जेवणाच्या शोधात परत अथेन्सपर्यंत उपाशी जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात तासभर काढा. तिथे सूनियनचा कूरोस आहे, तीन मीटरहून उंच नग्न युवकाचा संगमरवरी पुतळा, इ.स.पू. ६०० च्या सुमाराचा, १९०६ मध्ये देवळाजवळच्या खड्ड्यात सापडलेला. आजच्या खांबांच्या दीडशे वर्षं आधी असे प्रचंड पुतळे त्या कड्यावर उभे असायचे. देवळाच्या शिल्पपट्टीचे झिजलेले तुकडे लाव्रिओच्या छोट्या संग्रहालयात आहेत, पण ते संध्याकाळच्या फेरीत बसत नाही, त्यासाठी वाट वाकडी करू नका. राष्ट्रीय संग्रहालय मंगळवारी दुपारी उघडतं, म्हणून तुमचा दुसरा दिवस मंगळवार असेल तर सकाळी अक्रोपोलिस आणि दुपारनंतर संग्रहालय असा क्रम लावा.